पूलचा क्यू: आधी मागचा हात कुठे पडतो ते बघा, लांबी मग ठरवा

दुकानात पूल या टेबलावरच्या बॉलच्या खेळाचा क्यू, म्हणजे मारायची काठी, जमिनीवर उभा करून हनुवटीला लावून बघायचा, पूल पार्लरमध्ये आल्यावर तो पार मागच्या रबरी बुचाजवळ मूठ आवळून धरायचा, आणि सरळ शॉट चुकला की टिपला (क्यूच्या पुढच्या चामडी टोकाला) नाहीतर टेबलाला नावं ठेवायची, असा प्रकार सर्रास चालतो. यात गडबड होते ती क्रमाची. क्यूची लांबी सगळ्यात शेवटी ठरते. त्याआधी उभं राहणं, पुढच्या हाताचा ब्रिज (क्यू टेकवायला टेबलावर केलेला आधार) आणि मागच्या हाताची जागा या तीन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात. मागचा हात कुठे पडतो हे कळलं की त्याच्या मागे किती क्यू उरतो ते मोजायचं. लांबीचा प्रश्न तिथेच सुटतो.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं बदलून घ्यावं.

तयारी

रिकामं टेबल, एक मित्र, शिवणकामाची मोजपट्टी, मोबाइल, चॉक, अर्ध्या लिटरची कोरडी प्लॅस्टिकची बाटली आणि मास्किंग टेप एवढं जवळ ठेवा. वायरमनची काळी टेप नको, तिचा चिकटपणा क्यूवर राहतो आणि नंतर हाताला लागतो. नेहमी ज्या बुटांत खेळता तेच घाला. दोन-अडीच सेंटीमीटरच्या टाचेनेही कोपराची उंची बदलते.

आता क्यू. मोठ्यांचा पूलचा क्यू साधारण ५७ ते ५८ इंच, म्हणजे १४५ ते १४७ सेंमी असतो आणि वजन बहुतेक वेळा १८ ते २१ औंसांच्या मध्ये. १९ औंस म्हणजे अंदाजे ५४० ग्रॅम, मोजणीला तोच बरा. बऱ्याच पार्लरच्या रॅकमध्ये पूल आणि स्नूकरचे क्यू एकत्रच लावलेले असतात, म्हणून टिप बघून घ्या. पूलची टिप १२ ते १३ मिमी रुंद असते, स्नूकरची ९ ते १० मिमी. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा आणि पूलचा ५७.१५ मिमीचा, शिवाय वजनदार. स्नूकरच्या बारीक क्यूने पूलचा ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार शॉट, मारला तर टिप कडेने पसरते, आणि पार्लरवाला ओरडतो तो वेगळा.

क्यू टेबलावर आडवा ठेवून हळूच लोळवा. टिपकडचं टोक वरखाली नाचलं तर शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा बारीक भाग, वाकलेला आहे, दुसरा घ्या. मग क्यू एका बोटावर तोलून तोल कुठे येतो ते शोधा आणि तिथे टेपची पहिली पट्टी लावा. बटाच्या (क्यूच्या मागच्या जाड भागाच्या) टोकापासून ही जागा बहुधा ४५ ते ४८ सेंमीवर येते. ही पट्टी पुढे दोनदा लागणार आहे.

टप्पा १: उभं राहणं

व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, आणि ज्या दिशेला तो मारायचा ती रेषा ठरवा. रेषेच्या मागे सरळ उभे राहा, उजवं पाऊल रेषेवर ठेवा, डावं खांद्याइतक्या अंतरावर थोडं पुढे आणि डावीकडे. मगच खाली वाका. आधी वाकून मग पाय सरकवणाऱ्यांचा खांदा रेषेतून बाहेर जातो, आणि त्यानंतर केलेलं कुठलंही माप खोटं येतं.

तपासणी: मित्राने डाव्या खांद्याला बोटाने हलकं ढकलावं. तोल गेला तर पाय जवळ आहेत.

टप्पा २: ब्रिज एक वीत

ब्रिजमधून क्यू जिथे बाहेर येतो तिथपासून व्हाइटपर्यंत २० ते २५ सेंमी अंतर ठेवा. मोठ्या माणसाची वीत साधारण एवढीच भरते, त्यामुळे टेबलावर वीत घालून बघितलं तरी चालतं. उघडा ब्रिज करा की तर्जनीचं कडं घालून बंद करा, मापाला फरक पडत नाही.

नवे खेळाडू इथे दोन टोकं गाठतात. काहींचा ब्रिज १० सेंमीवर येतो, मग क्यू मागे न्यायला जागाच उरत नाही आणि शॉट ढकलला जातो. काही जण टीव्हीवर बघून ३५-४० सेंमी ठेवतात. एवढ्या लांब ब्रिजवर मागचा हात दोन मिलिमीटर बाजूला गेला तरी टिप व्हाइटच्या मध्यावरून चांगलीच हलते.

टप्पा ३: मागच्या हाताची जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

खाली वाका, ब्रिज लावा आणि टिप व्हाइटपासून अर्ध्या सेंटीमीटरवर आणा. क्यू मागे ओढलेल्या अवस्थेत माप घ्यायचं नाही. टिप बॉलला लागण्याच्या क्षणी हात कुठे असेल ते आपल्याला हवं आहे. या स्थितीत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ खाली लोंबकळू द्या, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याच्या दोरासारखा. बोटं क्यूला जिथे भेटतील तिथे धरा.

मित्राला बाजूने, टेबलाच्याच उंचीवरून, मोबाइलने फोटो काढायला सांगा. वरून काढलेल्या फोटोत कोन फसवतो. फोटोत कोपरापासून मनगटापर्यंतची रेघ जमिनीला काटकोनात दिसली पाहिजे. दुसरा फोटो मागून काढा. त्यात खांदा, कोपर, मनगट आणि क्यू एकाच उभ्या पट्ट्यात दिसले पाहिजेत. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर गेलेलं दिसलं तर उजवं पाऊल रेषेवरून सरकलं आहे. पुन्हा टप्पा १.

काटकोनाचा एवढा आग्रह का? खांदा आणि वरचा हात स्थिर असतो, कोपर बिजागरीसारखं फिरतं आणि हात त्याखाली झोक्यासारखा जातो. झोका सगळ्यात खाली असतो तेव्हाच क्यू सपाट पुढे सरकतो. टिप बॉलला लागण्याचा क्षण आणि झोक्याचा तळ एकत्र आले तर टिप तुम्ही ठरवलेल्या जागीच लागते. हात खूप पुढे धरला असेल तर टिप लागेपर्यंत हात वर उचलला जायला लागलेला असतो. ब्रिजवर क्यू सी-सॉसारखा झुकतो, बट वर जातो, टिप खाली. मध्यावर मारलेला बॉल मग उगाच मागे येतो आणि खेळाडूला कळत नाही की स्क्रू (बॉल खाली मारून दिलेली उलटी फिरकी) दिलाच नव्हता तर आला कुठून. हात खूप मागे धरला तर उलटं होतं. हात अजून खाली उतरत असतो, टिप वर सरकते, आणि थांबायला हवा होता तो व्हाइट पुढे धावत जातो.

म्हणजे फोटो काढायला कोणी नसेल तर व्हाइटलाच विचारता येतं. सरळ रेषेत बॉल लावा, व्हाइटपासून साधारण दोन फुटांवर. व्हाइट नेमका मध्यावर आणि बेताच्या जोराने मारा. दहापैकी बहुतेक वेळा तो मागे येत असेल तर हात दोन-तीन सेंमी मागे न्या, पुढे जात असेल तर तेवढाच पुढे. हळू मारू नका, कारण हळू मारलेला बॉल कापडाच्या घर्षणाने आपोआप पुढे लोळू लागतो आणि चाचणी फसते.

जागा सापडली की तर्जनी जिथे येते तिथे दुसरी पट्टी लावा. उभे राहा, दोन पावलं मागे या, पुन्हा सगळं पहिल्यापासून करा. असं पाच वेळा. पाचही वेळा हात पट्टीच्या दोन-अडीच सेंमीत पडला तर माप पक्कं. नाही पडला तर चूक बहुधा ब्रिजच्या अंतरात असते, हाताच्या जागेत नसते.

सावधान: क्यूवरची गुंडाळी, म्हणजे दोऱ्याचं किंवा लेदरचं वेष्टन, ही धरायची जागा दाखवणारी खूण नाही. कमी उंचीच्या खेळाडूचा हात गुंडाळीच्या पुढे लाकडावर पडू शकतो, उंच माणसाचा तिच्या मागे. दोन्ही ठीक.

टप्पा ४: पकड

अर्धी भरलेली बादली कडीला धरून नेताना बोटं कशी आकड्यासारखी वळतात आणि अंगठा नुसता बाजूला असतो, ते आठवा. क्यू तसाच धरायचा. ५४० ग्रॅमपैकी काही भार ब्रिजवर असतोच, हाताला उरलेला पेलायचा आहे. त्यासाठी मूठ आवळायची गरज नाही.

हाताची मांडणी अशी: क्यू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या वळणात टेकतो. अंगठा जमिनीकडे बघतो, क्यूवर आडवा दाबलेला नसतो. अनामिका आणि करंगळी फक्त टेकलेल्या. अंगठा-तर्जनीमधलं बेचकं क्यूच्या माथ्याला लागलेलं, पण तळहात आणि क्यूमध्ये जरा फट. मनगट सरळ खाली, आतही नाही आणि बाहेरही नाही. काहींना मधलं बोट आणि अनामिका यांवर भार जास्त बरा वाटतो. चालेल, मात्र मग नेहमी तेच.

क्यू मागे जातो तेव्हा करंगळी आणि अनामिका आपोआप सैल होऊन थोड्या उघडल्या पाहिजेत, आणि पुढे येताना परत मिटल्या पाहिजेत. हे न झालं तर क्यू सपाट ठेवण्याचं काम मनगटावर पडतं. मनगट वळलं की क्यू बाजूला सरकतो आणि नको असताना साइड, म्हणजे बॉलला आडवी फिरकी, लागते. घट्ट मूठ वाईट ती यासाठी. ताकद कमी-जास्त होण्याचा मुद्दा त्यानंतरचा.

दुसरी चूक जास्त लपून बसते. सरावाचे झोके सैल हाताने होतात आणि शेवटच्या झोक्यात, बॉलला लागायच्या ऐन आधी, मूठ आवळली जाते. कठीण शॉटला तर हमखास. मोबाइल हाताच्या अगदी जवळ ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि बोटांच्या नखांकडे बघा. नखं अचानक पांढरी पडली तर मूठ आवळली गेली.

तपासण्या:
मित्राने बट धरून क्यू हळूच मागे ओढावा. थोडं घर्षण लागून तो सरकला तर पकड बरोबर. हातासकट तुम्ही मागे गेलात तर घट्ट. नुसता निसटला तर फार सैल.
मित्राने क्यू तुमच्या हातातच स्क्रूड्रायव्हरसारखा फिरवावा. तो फिरला पाहिजे.

घामाचं काय? मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात हात चिकट होतो आणि चिकट हाताने क्यू सैल धरताच येत नाही, घट्ट धरणं आपोआप येतं. मागच्या हाताला पावडर लावू नका. ती कापडावर आणि बॉलवर जाते, त्याने टेबल खराब होतं. कोरडा रुमाल खिशात ठेवा, दर डावाला हात आणि क्यूचा पकडीचा भाग पुसा. तीन बोटांचा हातमोजा ब्रिजच्या हातासाठी असतो, मागच्या हातासाठी नाही. दोऱ्याची गुंडाळी घाम शोषते पण कालांतराने चकचकीत आणि कडक होते. रबरी नळीसारखी मिळणारी आवरणं बट जाड करतात आणि वजन मागे ओढतात, म्हणून ती चढवली तर तोलाची पट्टी पुन्हा लावून घ्या.

टप्पा ५: आता लांबी

पकड पट्टीवर ठेवा आणि दोन मापं घ्या. पहिलं, हाताच्या मागे, करंगळीच्या कडेपासून बटाच्या टोकापर्यंत किती क्यू उरला. दुसरं, तर्जनी तोलाच्या पट्टीपासून किती मागे आहे.

मागे ५ सेंमीपेक्षा कमी उरलं तर क्यू तुमच्यासाठी आखूड आहे. लांब ब्रिज घ्यायची वेळ आली की धरायला काही राहणार नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे क्यूला जोडायचा जादा तुकडा, लावा किंवा लांब क्यू घ्या.

तर्जनी तोलाच्या पट्टीपासून ५ सेंमीच्या आत आली, किंवा पट्टीच्याही पुढे गेली, तर क्यू लांब आहे किंवा त्याचं वजन मागे जास्त आहे. पुढचा भाग ब्रिजवर तरंगतो आणि टिप उचलली जाते. साधारण १० ते १५ सेंमी मागे हात पडणं उत्तम.

एक उदाहरण घ्या. बटापासून तोल ४६ सेंमीवर आणि तर्जनी ३३ सेंमीवर. हात तोलापासून १३ सेंमी मागे आला. चार बोटांची रुंदी ८ सेंमी धरली तर करंगळीमागे २५ सेंमी उरले. कमी उंचीच्या खेळाडूला क्यूची ही शेपटी लांब वाटते, पण ती खोटी भीती. मागे उरलेला क्यू कोणाला लागत नसेल तर त्याने काही बिघडत नाही. एवढ्यासाठी क्यू कापून घ्यायला धावू नका. बट कापला तर वजन कमी होतं आणि तोल पुढे सरकतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

क्यू हातात नसताना, म्हणजे मागवायच्या आधी, ढोबळ अंदाज हवा असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. हा आकडा १३५ सेंमीपर्यंत असेल तर ४८ इंची (१२२ सेंमी) क्यू, १५० पर्यंत ५२ इंची (१३२ सेंमी), त्यापुढे १९० पर्यंत नेहमीचा ५७-५८ इंची, आणि त्याच्यावर ६० इंच किंवा एक्स्टेन्शन. लहान मुलांना मोठ्यांचा क्यू मधोमध धरायला देऊ नका. तोलाच्या पुढे धरायची ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

स्पर्धेत खेळणार असाल तर आंतरराष्ट्रीय पूल नियमांत क्यूची किमान लांबी ४० इंच (१०१६ मिमी) आहे, कमाल लांबीला मर्यादा नाही. वजन २५ औंसांपेक्षा जास्त आणि टिप १४ मिमीपेक्षा रुंद चालत नाही.

खोली आखूड असेल तर

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल बसवतात आणि एका बाजूला खांब येतो, ही नेहमीची तक्रार. हिशेब सोपा आहे: क्यू १४७ सेंमी अधिक मागे न्यायला १५, म्हणजे कुशनच्या (टेबलाच्या रबरी काठाच्या) आतल्या कडेपासून चारही बाजूंना १६२ सेंमी मोकळे हवेत. ८ फुटी टेबलाचा खेळायचा भाग २२४ × ११२ सेंमी धरला तर खोली साधारण ५४८ × ४३६ सेंमी. एवढी जागा नसेल तर खांबाजवळच्या शॉटपुरता एक ४८ इंची क्यू भिंतीला लावून ठेवा. सगळा खेळ आखूड क्यूने खेळू नका, सापडलेली जागा त्याने विसरली जाते.

टप्पा ६: बाटलीची चाचणी

कोरडी बाटली टेबलावर आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. अर्ध्या लिटरच्या बाटलीचं तोंड साधारण व्हाइटच्या मध्याइतक्या उंचीवर येतं. वीतभर ब्रिज, पट्टीवर हात, आणि टिप बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर न्या, कडेला न लागता. आधी सावकाश वीस वेळा. मग खऱ्या शॉटच्या वेगाने दहा वेळा.

टिप खालच्या कडेला लागते: हात पुढे आहे. वरच्या कडेला लागते: हात मागे आहे. डाव्या-उजव्या कडेला लागते: मूठ आवळली जाते किंवा कोपर बाहेर आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा आणि पकड एकदम बदलली तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

टप्पा ७: पट्टी सोडून हात कधी हलवायचा

ब्रिज जितका लांबवाल तितकाच हात बटाकडे न्या, जितका आखूड कराल तितकाच पुढे आणा. शरीर आणि दोन्ही हात जागीच राहतात, क्यू त्यांच्यामधून पुढे-मागे सरकवायचा. ब्रेकला ब्रिज २५-३० सेंमीचा होतो, म्हणून हात साधारण ५ सेंमी मागे.

हे विसरलं जातं ते व्हाइट कुशनला चिकटलेला असताना. ब्रिज लाकडी कडेवर येतो आणि १२ ते १५ सेंमीच उरतो. हात मात्र नेहमीच्या पट्टीवर. मग टिप वर सरकते आणि बॉलच्या माथ्यावरून निसटते. इथे हात ८-१० सेंमी पुढे आणा, मारा सपाट आणि छोटा.

रेस्ट, म्हणजे लांबच्या शॉटला हाताऐवजी क्यू टेकवायची दांडी, वापरताना वरचं काहीच लागू नाही. क्यूचा बट टोकाजवळ अंगठा आणि दोन बोटांत धरा, कोपर बाजूला काढा आणि हात आडवा हलवा.

टप्पा ८: खरेदी आणि फेरफार

हाताच्या जागेचं माप कागदावर घेऊन दुकानात जा. नव्या क्यूवर तोल शोधा, पट्टी लावा, टेबलावर टप्पा ३ करून बघा. टेबल नसेल तर किमान टेबलाच्या उंचीचं फर्निचर शोधा. पूल टेबलाची खेळायची पातळी जमिनीपासून साधारण ७५ ते ७९ सेंमीवर असते.

एक्स्टेन्शन घेताना आपल्या क्यूच्या मागच्या टोकाला आटे आहेत का ते बुच काढून बघा. नसतील तर वरून चढवायची नळी मिळते. जॉइंटमध्ये, म्हणजे क्यूचे दोन भाग जिथे जुळतात तिथे, बसणारं मधलं एक्स्टेन्शन घेणार असाल तर आटे जुळले पाहिजेत. ३/८×१०, ५/१६×१८, रेडियल, युनि-लॉक हे प्रकार एकमेकांत बसत नाहीत आणि जबरदस्तीने फिरवले तर लाकडातले आटे जातात. मागे जोडलेल्या प्रत्येक तुकड्याने तोल मागे येतो, त्यामुळे ३ ते ६ इंचांपासूनच सुरुवात करा.

तोल थोडासाच बिघडलेला असेल तर बऱ्याच क्यूंमध्ये रबरी बुचामागे वजनाचा बोल्ट असतो. अ‍ॅलन कीने तो काढून हलका बसवला की तोल पुढे जातो. बदलल्यावर बाटलीची चाचणी पुन्हा करा, आणि पट्टी तीन-चार आठवडे क्यूवरच राहू द्या.